वाचकांचे प्रश्न: कोल्ड फ्यूजनचा वाद आणि थर्मामीटरची जागा

गेल्या अंकात एका उत्तरात जाता जाता मी लिहून गेलो की कोल्ड फ्यूजनचं पुढे काही झालं नाही. (हलकी अणुकेंद्रं जुळून ऊर्जा सुटते ते फ्यूजन, त्याला एरवी प्रचंड तापमान लागतं, आणि ते साध्या तापमानाला होतं हा दावा म्हणजे कोल्ड फ्यूजन.) त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. अर्धे लोक म्हणतात तुम्ही विकले गेलायत, उरलेले म्हणतात असल्या भोंदूगिरीचं नाव तरी कशाला काढलंत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं लिहिलंय म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न: सर, माझं आणि मोठ्या भावाचं यावरून कायम वाजतं. तो म्हणतो 1989 ला ते दोघं खोटं बोलताना पकडले गेले, विषय संपला. मी म्हणतो त्यांना गप्प बसवलं. नक्की झालं काय होतं?

दोघंही थोडे थोडे चुकताय, पण भाऊ जरा कमी चुकतोय.

23 मार्च 1989 ला अमेरिकेत युटा विद्यापीठात स्टॅन्ली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन यांनी पत्रकार परिषद घेतली. दोघं इलेक्ट्रोकेमिस्ट, आणि फ्लाइशमन तर त्या क्षेत्रातलं फार मोठं नाव, कुणी ऐरागैरा नव्हे. सेट-अप ऐकायला एकदम साधा, काचेच्या भांड्यात जड पाणी (म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा दुप्पट जड भाऊ ड्युटेरियम असतो), त्यात थोडं लिथियम, एक इलेक्ट्रोड पॅलेडियमचा आणि दुसरा प्लॅटिनमचा, आणि करंट सोडायचा. पॅलेडियमला हायड्रोजन प्रचंड आवडतो, स्वतःच्या आकारमानाच्या काहीशे पट वायू तो पोटात घेतो. या दोघांचं म्हणणं असं की ड्युटेरियम असं कोंबून कोंबून भरलं की आत फ्यूजन होतं आणि घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर येते. एकदा तर पॅलेडियमचा एक सेंटीमीटरचा ठोकळा म्हणे वितळला.

आता गंमत बघा, आधी पत्रकार परिषद झाली आणि पेपर नंतर हातात आला, त्यामुळे जगभरचे लोक बातम्यांमध्ये दिसलेल्या चित्रांवरून अंदाज बांधत प्रयोग मांडायला लागले. कुणाला उष्णता दिसली, कुणाला फ्यूजनची खूण असलेले न्यूट्रॉन दिसले, आणि मग एकेक जण मागे फिरला. अमेरिकेतल्याच जॉर्जिया टेक विद्यापीठवाल्यांनी न्यूट्रॉन सापडले म्हणून जाहीर केलं आणि काही दिवसांतच परत घेतलं, कारण त्यांचा डिटेक्टर गरम झाल्यावर उगाच आकडे दाखवत होता. मे महिन्याच्या सुरुवातीला बाल्टिमोरला भौतिकशास्त्रज्ञांची बैठक झाली, तिथे कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या लोकांनी आमच्याकडे काहीच आलं नाही असं सांगून दावा पार धुवून काढला. नोव्हेंबरात अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीचा रिपोर्ट आला, की पुरावा पटण्यासारखा नाही, यासाठी वेगळं केंद्र वगैरे काढायची गरज नाही, कुणाला प्रयोग करायचा असेल तर नेहमीच्या मार्गाने पैसे मागा.

म्हणजे भावाला सांगा की खोटेपणा सिद्ध झाला असं नाही, त्यांचा निष्कर्ष टिकला नाही, आणि या दोन गोष्टींत फरक आहे. फ्लाइशमन 2012 मध्ये गेले, तोपर्यंत त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नव्हतं.

प्रश्न: एक बाळबोध शंका. चार वॅट घातले आणि पाच वॅट आले, एवढं कळायला शास्त्रज्ञांना तीस-पस्तीस वर्षं लागतात? थर्मामीटर लावा आणि बघा की!

बाळबोध नाही हो, माझ्या मते खरा प्रश्न हाच. यावर वाद घालणारे निम्म्याहून जास्त लोक थिअरीवर भांडतात, हे होऊ शकतं की नाही यावर, आणि सगळं अडलंय ते उष्णता कशी मोजली यापाशी. म्हणून जरा सविस्तर सांगतो, वही-पेन घेऊन बसा.

समजा सेलला 5 व्होल्ट लावलेत आणि अर्धा अँपिअर करंट जातोय. म्हणजे वीज गेली 2.5 वॅट. पण ही सगळी वीज काही भांडं तापवत नाही, तिचा एक भाग जड पाण्याचं ड्युटेरियम आणि ऑक्सिजन करण्यात खर्च होतो आणि ते वायू वरच्या नळीतून निघून जातात, जाताना ती ऊर्जा घेऊन जातात. जड पाण्यासाठी हा हिशोब 1.54 व्होल्टचा असतो, तो गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे 0.77 वॅट. राहिले 1.73 वॅट. म्हणजे फ्यूजन बिजन काही नसेल तर सेलमध्ये 1.73 वॅट उष्णता दिसायला हवी.

तुम्ही मोजलीत आणि आली 2.1 वॅट. वीस टक्क्यांहून जास्त फायदा! पेढे वाटायची वेळ. पण थांबा, ते वायू सगळेच्या सगळे बाहेर गेले हे तुम्ही मोजलंत का धरून चाललात? कारण त्यातले अर्धे जर सेलमध्येच परत एकमेकांशी जुळून पाणी झाले, तर 0.77 चे अर्धे म्हणजे साधारण 0.38 वॅट तिथेच परत मिळाले, आणि तुमचा फायदा तेवढाच होता. गेला सगळा.

हे झालं एक. दुसरं म्हणजे भांड्यात सगळीकडे तापमान सारखं आहे का? कॅल्टेकच्या नेथन लुइस यांचा मुख्य आक्षेपच हा होता की द्रव नीट ढवळला जात नसेल तर एका कोपऱ्यातलं तापमान म्हणजे भांड्याचं तापमान नव्हे. त्यावर दुसऱ्या बाजूचं उत्तर असं की बुडबुडेच ढवळायचं काम करतात. मला हा मुद्दा पटकन कळला कारण कॉलेजात प्रॅक्टिकलला मी स्वतः थर्मामीटर हीटरच्या कॉइलला खेटून ठेवला होता आणि पाण्याची विशिष्ट उष्णता अशी काही काढली होती की सरांनी जर्नल उचलून सगळ्या बॅचला दाखवलं. तिसरं कॅलिब्रेशन, म्हणजे आधी माहीत असलेली उष्णता देऊन यंत्राची खूण ठरवतात, पण उष्णता तयार व्हायची जागा बदलली, तळाऐवजी वरच्या भागात व्हायला लागली, तर ती खूण तितकीशी लागू पडत नाही. फायदा शंभर टक्के असता तर असल्या बारीकसारीक गोष्टींनी काही बिघडलं नसतं, पण दोन-पाच टक्क्यांच्या फायद्यात याच गोष्टी सगळं ठरवतात.

आता उत्साही मंडळींवर अन्याय नको. त्यांच्यातल्या चांगल्या लोकांना हे सगळं माहीत होतं. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत मायकेल मॅक्युबर यांनी बंद सेल वापरले, ज्यात वायू आतच कॅटलिस्टवर परत जुळवतात, म्हणजे वरचा 0.77 वाला घोळच नको, आणि सेलभोवती पाणी खेळवून त्याच्या तापमानातल्या फरकावरून उष्णता मोजली. तरी अधूनमधून जास्तीची उष्णता दिसली असं ते म्हणाले, अट एवढीच की पॅलेडियममध्ये दर दहा अणूंमागे ड्युटेरियमचे निदान नऊ अणू भरलेले पाहिजेत. शंकेखोर म्हणतात, मग ते हुकमी करून दाखवा. इथेच गाडी अडते, कारण एका तुकड्यात दिसतं आणि तसल्याच दुसऱ्यात नाही, आणि का ते कुणाला सांगता येत नाही. उत्साही म्हणतात सुरुवातीचे ट्रान्झिस्टरही असेच लहरी होते. बरोबर आहे, पण ते काही वर्षांत सुधारले, इथे पस्तीस वर्षं उलटून गेली.

प्रश्न: न्यूट्रॉन का दिसत नाहीत? माझ्या मित्राच्या मते हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

तुमच्या मित्राचा मुद्दा दमदार आहे. ड्युटेरियमचे दोन अणुकेंद्र जुळले की जवळजवळ निम्म्या वेळा हीलियम-3 आणि न्यूट्रॉन मिळतो, निम्म्या वेळा ट्रिटियम (हायड्रोजनचा तिप्पट जड, किरणोत्सारी भाऊ) आणि प्रोटॉन. तिसरा रस्ता, म्हणजे सरळ हीलियम-4 आणि गॅमा किरण, लाखांत एखादा पण नाही इतका क्वचित. या हिशोबाने एक वॅट उष्णता खरंच फ्यूजनमधून येत असेल तर सेकंदाला जवळजवळ एक लाख कोटी न्यूट्रॉन सुटायला हवेत. टेबलाशी उभा राहून कॅमेऱ्याकडे बघून हसणारा माणूस हसण्याच्या परिस्थितीत राहिला नसता. भौतिकशास्त्रवाल्यांमध्ये यावर एक काळा विनोद होता, की फ्यूजन झालं असतं तर प्रयोगशाळेतला पीएचडीचा विद्यार्थी मेलेला सापडला असता.

यावर उत्साही लोक म्हणतात की धातूच्या जाळीत वेगळीच प्रक्रिया होते, सगळं हीलियम-4 होतं आणि गॅमा न सुटता ऊर्जा जाळीलाच मिळते. हे काही अगदी वेडगळ लोकांचं म्हणणं नाही, नोबेल मिळालेले ज्युलियन श्विंगर या बाजूला होते आणि त्यांचे पेपर छापायला नकार मिळाल्यावर त्यांनी अमेरिकन फिजिकल सोसायटीचा राजीनामा दिला होता. पण मग हीलियम दाखवा. आणि हीलियम म्हणजे भलतं तापदायक प्रकरण, साध्या हवेतच तो दहा लाख भागांत पाच भाग असतो आणि काचेतूनही झिरपतो.

याच हीलियमने आधी एकदा फसवलंय. 1926 मध्ये बर्लिनमध्ये पानेट आणि पेटर्स यांनी पॅलेडियममध्ये हायड्रोजनचा हीलियम झाला असं छापलं होतं, आणि नंतर स्वतःच मागे घेतलं, कारण तो हीलियम उपकरणाच्या काचेतून वगैरे सुटत होता. त्यात मेख अशी की काच हायड्रोजनच्या सान्निध्यात जास्त हीलियम सोडते, त्यामुळे ऑक्सिजनवर केलेली तुलना उपयोगाची नव्हती. साठ वर्षांनी तोच धातू, तोच वायू, तोच वाद.

प्रश्न: आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रातही हे सापडलं होतं असं ऐकलंय. मग ते का दाबलं?

सापडलं होतं असं त्यांनी छापलं होतं, दाबलं वगैरे नव्हतं. 1989 मध्येच पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने तिथल्या बऱ्याच गटांनी झटपट प्रयोग केले आणि वर्ष संपायच्या आत जाडजूड रिपोर्ट काढला. त्यांचा भर उष्णतेवर नव्हता, ट्रिटियम आणि न्यूट्रॉनवर होता, आणि हे लोक ट्रिटियम मोजण्यात मुरलेले, जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमुळे तो त्यांचा रोजचाच विषय.

त्यातलं चक्रावून टाकणारं म्हणजे प्रमाण. नेहमीच्या फ्यूजनमध्ये ट्रिटियम आणि न्यूट्रॉन साधारण सारखेच यायला हवेत, इथे एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे कोटभर अणू. उत्साही म्हणाले बघा, नवीन प्रक्रिया आहे. शंकेखोर म्हणाले जिथे ट्रिटियम रोज हाताळलं जातं तिथे ते कुठूनही शिरू शकतं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात विचार करायला लावणारं काम हेच वाटतं, आणि तरी मी त्यावर पैज लावणार नाही. नव्वदच्या दशकात तिथलं काम थंडावलं. पुढे 2011 ला या विषयाची जागतिक परिषद चेन्नईत झाली आणि 2015 मध्ये 'करंट सायन्स'ने यावर खास विभाग छापला. दाबलेला विषय असा नसतो.

प्रश्न: तेल कंपन्या आणि मोठी सरकारं हे येऊ देणार नाहीत एवढं तुम्हाला कळत नाही का? की लिहायचे पैसे मिळतात?

लिहायचे पैसे मिळतात, किती ते सांगायची लाज वाटते.

बाकी पैशाचंच बघायचं तर उलटं दिसतं. युटा राज्याने 1989 मध्ये पन्नास लाख डॉलर काढून यासाठी खास संस्था उभी केली, ती 1991 मध्ये बंद पडली. पॉन्स आणि फ्लाइशमन यांना टोयोटाच्या पैशावर फ्रान्समध्ये प्रयोगशाळा मिळाली, ती 1998 ला बंद झाली. जपान सरकारने स्वतःचा कार्यक्रम चालवला, तोही नव्वदच्या दशकातच गुंडाळला. जपान तर जवळजवळ सगळं तेल बाहेरून आणतो, त्याला हे दाबून काय मिळणार सांगा. नंतर गूगलने 2015 पासून तीसेक संशोधकांना गुपचूप कामाला लावलं, साधारण एक कोटी डॉलर घातले, आणि 2019 मध्ये 'नेचर'मध्ये छापलं की कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही, मात्र पॅलेडियममध्ये ड्युटेरियम इतकं दाबून भरणं आणि टिकवणं भयंकर अवघड आहे, ती परिस्थिती अजून नीट तपासूनच झालेली नाही. 2023 मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्पा-ई या संस्थेने आठ प्रकल्पांना मिळून एक कोटी डॉलर दिले. दाबायचं असतं तर एवढे पैसे दिले असते का.

एक मात्र मान्य. या विषयाचं नाव घेतलं की करिअर बिघडतं ही भीती खरी होती आणि आहे, तरुण संशोधक लांब राहतात, आणि म्हणून चांगल्या दर्जाचे प्रयोग कमी झाले. याला षडयंत्र लागत नाही, सहकाऱ्यांचं हसणं पुरतं.

प्रश्न: ई-कॅटचं काय झालं? आमच्या ग्रुपमध्ये एक जण 2011 पासून सांगतोय की पुढच्या वर्षी बाजारात येतंय.

अजून पुढच्या वर्षीच येतंय.

आंद्रेआ रोस्सी यांनी जानेवारी 2011 मध्ये इटलीत बोलोन्याला ई-कॅट या आपल्या कोल्ड फ्यूजन छापाच्या यंत्राचा डेमो दिला, निकेल आणि साधा हायड्रोजन, काही किलोवॅट उष्णता. सुरुवातीला यंत्रात पाणी जाऊन वाफ बाहेर यायची आणि हिशोब असा की सगळ्या पाण्याची कोरडी वाफ झाली. पण वाफेबरोबर पाण्याचे थेंब तसेच बाहेर पडत असतील तर? पाणी उकळायला लागणारी ऊर्जा इतकी जास्त असते की एवढ्या एका गृहीतकावर कितीतरी पट फायदा उभा करता येतो. 2014 च्या लुगानोच्या चाचणीत, जी 32 दिवस चालली, थर्मल कॅमेऱ्याने पृष्ठभागाचं तापमान मोजलं, आणि तिथे सिरॅमिक किती किरण फेकतं याचा आकडा चुकीचा धरला असा आक्षेप आला, तो दुरुस्त केला की फायदा बहुतेक उडून जातो. नंतर गुंतवणूकदार कंपनी इंडस्ट्रियल हीट आणि रोस्सी यांची कोर्टात जुंपली आणि 2017 मध्ये आपसात मिटलं. यंत्र काही कुणाच्या घरी आलं नाही.

ज्यांनी 'स्वतःच चालणाऱ्या जनरेटर'चे व्हिडिओ पाठवलेत आणि पैसे गुंतवू का असं विचारलंय, त्यांना एकच सांगतो, निघालेल्या विजेतून तेच यंत्र चालवून बाहेरची वायर काढून दाखवा म्हणा. फायदा तिप्पट-चौपट आहे म्हणणाऱ्याला हे जड जायला नको. अमेरिकेत पाण्यावर गाडी चालवतो म्हणणाऱ्या स्टॅन्ली मेयर यांच्यावर गुंतवणूकदारांनी केस केली होती, कोर्टाच्या तज्ज्ञांनी तो 'फ्यूएल सेल' उघडून बघितला तर साधं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने पाणी फोडणं, निघालं, आणि 1996 मध्ये कोर्टाने त्याला फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले. पॉन्स-फ्लाइशमन यांना या रांगेत बसवू नका, ते चुकलेले असतील पण कुणाला यंत्र विकत नव्हते.

प्रश्न: मग थंड तापमानाला फ्यूजन होऊच शकत नाही, असं समजायचं का?

होतं की! आणि त्यावर कुणाचाच वाद नाही. इलेक्ट्रॉनऐवजी म्युऑन नावाचा त्याच्यासारखाच कण वापरायचा, तो इलेक्ट्रॉनच्या साधारण 207 पट जड, त्यामुळे तो अणुकेंद्रांना एकमेकांच्या फार जवळ आणतो आणि गोठवलेल्या हायड्रोजनमध्येसुद्धा फ्यूजन होतं. लुइस अल्वारेझ यांच्या गटाला हे 1956 मध्ये बर्कलीत दिसलं होतं. अडचण हिशोबाची. म्युऑन दोन मायक्रोसेकंदांत मरतो आणि त्याच्या आधीच बरेचदा हीलियमला चिकटून वाया जातो, त्यामुळे एक म्युऑन जास्तीत जास्त दीडशेच्या आसपास फ्यूजन करतो. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या एका फ्यूजनचे 17.6 एमईव्ही (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) धरले तर झाले 2640 एमईव्ही, आणि तो म्युऑन बनवायला लागतात 5000 च्या आसपास. अर्ध्यावर अडलंय म्हणा. मला स्वतःला हा अपयशाचा नमुना पॅलेडियमपेक्षा जास्त आवडतो, कारण इथे काय कमी पडतंय ते आकड्यात सांगता येतं.

प्रश्न: हॉट फ्यूजनवाले तरी कुठे खरं बोलतात? 2022 ला म्हणाले घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली, आणि वीजबिल विचारलं की गप्प.

टोमणा बरोबर लागलाय. 5 डिसेंबर 2022 ला अमेरिकेतल्या एनआयएफ या प्रचंड तापमानाच्या, म्हणजे हॉट, फ्यूजनच्या प्रयोगशाळेत लेझरने 2.05 मेगाज्यूल दिले आणि 3.15 मिळाले. पण लेझर पेटवायला ग्रिडमधून सुमारे 300 मेगाज्यूल लागले होते, हे हेडलाइनमध्ये कुठेच नव्हतं. फरक एवढाच की त्यांनी ते लपवलं नव्हतं, विचारलं की सांगायचे, आणि तो प्रयोग पुन्हा करून दाखवला, नंतर आकडा वाढलासुद्धा.

प्रश्न: घरी करून बघायचं आहे. जड पाणी मिळालं तर बाकी सोपं दिसतंय.

नका करू. 2 जानेवारी 1992 ला वर सांगितलेल्या एसआरआयमध्येच एक सेल फुटला आणि अँड्र्यू रायली हे संशोधक जागीच गेले. अणुऊर्जा वगैरे नव्हती, बंद भांड्यात ड्युटेरियम आणि ऑक्सिजन साठले होते आणि ते पेटले. साधं पाणी वापरलंत तरी हाच धोका. हौशी लोक फ्यूझर नावाचं यंत्र बनवतात, त्यात खरंच फ्यूजन होतं, पण त्याला हजारो व्होल्ट लागतात आणि एक्स-रे सुटतात, तेही घरच्या टेबलावरचं काम नाही.

प्रश्न: 2025 मध्ये 'नेचर'ने छापलं ना की पॅलेडियममध्ये इलेक्ट्रोलिसिसने फ्यूजन वाढतं? आता तरी मान्य करा!

छापलं ते मान्यच आहे, मी तो पेपर उशिरापर्यंत जागून वाचला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाचं काम, गूगलच्या प्रकल्पातलीच काही माणसं. त्यांनी पॅलेडियमवर एका बाजूने प्लाझ्मातून ड्युटेरियमचे आयन जोरात आदळवले, त्याने फ्यूजन होतंच, ते नेहमीचं, न्यूट्रॉन मोजून खात्री केलेलं. मग दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रोलिसिसने आणखी ड्युटेरियम भरलं, तर फ्यूजनचा वेग सरासरी 15 टक्के वाढला. निशाण्यावर माल जास्त, म्हणून टकरा जास्त. फायद्याची ऊर्जा वगैरे अजिबात नाही, मिळालेली ऊर्जा घातलेल्या विजेच्या मानाने नगण्य, आणि तसं ते स्वतःच सांगतात.

पण मला त्यात आवडलं ते हे की त्यांनी उष्णता मोजायच्या भानगडीतच न पडता न्यूट्रॉन मोजले. ते एक तर येतात किंवा येत नाहीत, त्यांना थर्मामीटर कुठे लावला होता हे विचारावं लागत नाही.

ज्यांची पत्रं राहिली त्यांची पुढच्या अंकात घेतो. झिरो-पॉइंट एनर्जीवर चौदा पानं पाठवणाऱ्या काकांनी कृपया निदान समासात पानांचे नंबर टाकावेत, नववं पान दोनदा आलंय आणि दहावं सापडत नाहीये.